सहावं वेत

अजहर सकाळपासून तीन वेळा शेडमागे जाऊन आला होता, तरी त्याला पुन्हा जावंसं वाटत होतं. साहेबांची जीप यायला अजून पाऊण तास होता. ऊन आत्ताच डोक्यात शिरत होतं, मार्च अर्धाही झाला नव्हता.

मूर्तिजापूरच्या बाहेर, दर्यापूर रोडवर, कोंबड्यांचं एक बंद पडलेलं शेड त्याने भाड्याने घेतलं होतं. त्यात पाच नवेकोरे पिंजरे, रंगाचा वास अजून न गेलेले, आणि पाच लॅब्राडोर माद्या. या बायांनी जन्मात पिंजरा पाहिला नव्हता. एक परवापासून भाकरीला तोंड लावत नव्हती. दुसरी जाळीला नाक दाबून एकसारखी कुईकुई करत होती, आणि तिचं ऐकून बाकीच्या सूर धरत होत्या. अजहर त्यांना सारखा म्हणत होता, "चूप राहा माय, आजचा दिवस चूप राहा." कोणी ऐकत नव्हतं.

कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने सरकारकडे नोंदणी करायची, असा नियम मागच्या साली निघाला होता. अमरावतीच्या कॉलन्यांमधून पिल्लं घेणारे लोकही आता कागद मागायला लागले होते. आज पाहणी होती. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर इंगळेसाहेब येणार होते आणि अमरावतीच्या एका प्राणिमित्र संस्थेच्या बाई. दोघांनी अहवालावर सही केली तर धंदा राहणार, नाही केली तर आठ वर्षांची मेहनत पाण्यात. मोबाईल दुरुस्तीचं दुकान एकदा बुडवून झालं होतं. दुसऱ्यांदा बुडायची हिंमत अजहरमध्ये उरली नव्हती.

त्याचा धंदा तसा जगावेगळा. त्याचे आजोबा बकऱ्यांचे व्यापारी. ते बकऱ्या बटईने द्यायचे. म्हणजे बकरी त्यांची, चारापाणी आणि राखण दुसऱ्याची, आणि झालेली पिल्लं निम्मी निम्मी. अजहरने तेच कुत्र्यांना लावलं. लावावं लागलं, कारण त्याची आई खुर्शीदबी हिने पहिल्याच दिवशी चौकटीत उभं राहून सांगून टाकलं होतं, "घर में नमाज होती. धंदा तेरा तू कर, पर कुत्ता चौखट के उस पार." आईपुढे अजहरचं कधीच काही चाललं नव्हतं. मग आजूबाजूच्या खेड्यांत सहा घरं शोधली आणि सहा माद्या सहा घरी दिल्या. खाटेखाली झोपल्या, वावरात हिंडल्या, वरण-पोळी खाऊन वाढल्या. वर्षाला एकदा त्याने नर न्यायचा, दोन महिन्यांनी पिल्लं, निम्मी निम्मी. कोणाची तक्रार नव्हती. कुत्र्यांची असली तरी ती विचारायची रीत नव्हती.

सहा घरी सहा, आणि पिंजऱ्यात मात्र पाच. इथेच घोडं अडलं होतं.

सहावी चांदणी, धामणखेडच्या वच्छलाबाईंकडची. सगळ्यांत पहिली, सगळ्यांत देखणी. तिच्या पिल्लांसाठी लोक आधीपासून नंबर लावून ठेवायचे. वय साडेसात. पाच वेतं झालेली, आणि आता सहावं पोटात. नव्या नियमात मादीला जन्मभरात पाचच वेतं, तीही वर्षाला एकाहून जास्त नाही. चांदणीचं पाचवं वेत मागच्या उन्हाळ्यात झालं होतं, सहाव्यासाठी जानेवारीत नर नेला होता. वर्षही भरलं नव्हतं.

तेव्हा वच्छलाबाई अंगणात तुरी पाखडत बसल्या होत्या. अजहरबरोबर नर पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अजहर, पुरे कर आता. मागच्या खेपेले आठ दिस उठत नोती ती. मीच तोंडात पाणी टाकत होती."

"शेवटचं मावशी. याच्यानंतर तिले कोणी हात लावणार नाही."

"मागच्या टाइमालेही तू शेवटचंच म्हनला होता."

"म्हनलो होतो. पन हे खरं शेवटचं."

वच्छलाबाई हसल्या होत्या. त्या साली कापूस बोंडअळीने पोखरून काढला होता. त्यांचे मालक खुशालराव कापसाच्या वाळल्या पराट्या उपटून बांधावर नेऊन जाळत होते आणि घरात फारसं बोलत नव्हते. "कापसानं अळी देली, हिनं पिल्लं देली," असं वच्छलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. निम्मी पिल्लं त्यांनाही हवीच होती. दोघांनी मिळून चांदणीला पुढे केलं, हे खरं. पण नर घेऊन अजहर गेला होता, आणि ते त्याला आज सकाळपासून आठवत होतं.

नोंदणीच्या अर्जात त्याने चांदणीला लिहिलंच नाही. वच्छलाबाईंना सांगितलं, तिला आठ दिवस मागच्या खोलीत ठेवा, कोणी विचारलं तर गावठी आहे म्हणा. वच्छलाबाईंनी काहून म्हणून विचारलं नाही. अजहर सांगतो म्हणजे काही असेल, एवढा त्यांचा त्याच्यावर भरवसा. त्याच्या अंदाजाने चांदणी व्यायला अजून पाच दिवस होते. तोवर पाहणी उरकली असती.

जीप आली ती वेळेवर. सरकारी जीप वेळेवर येते तेव्हा माणसाने घाबरावंच. डॉक्टर इंगळे पन्नाशीचे, जाड, हालचालीला सावकाश. उतरल्या उतरल्या त्यांनी खिशातून टेप काढला आणि पिंजऱ्याची लांबी मोजायला घेतली. त्यांच्यामागून संस्थेच्या आरतीबाई उतरल्या. तिशीची, सुती कुर्त्यातली बाई, खांद्याला पिशवी. ती कोणाला नमस्कार-चमत्कार न करता सरळ रडणाऱ्या मादीपुढे उकिडवी बसली आणि जाळीतून बोटं आत घातली. मादी चाटायला लागली आणि रडायची थांबली. अजहरला या बाईचा राग यायला हवा होता, तो येईना.

"ही का रडतेय?" आरतीबाईंनी विचारलं.

"जागा नवी आहे ना मॅडम."

"म्हणजे आधी कुठे होती?"

अजहरने बटईचं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात त्याला काही वाटत नव्हतं, उलट अभिमानच होता. "घरात राहत होत्या मॅडम. ही त खाटेवर झोपे. लेकरं हिच्या पाठीवर बसत. तुमच्या नियमात पिंजरा पाहिजे, म्हणून पिंजऱ्यात आणली. आता सांगा, सुख कुठं होतं?"

आरतीबाईंनी जाळीतून बोटं काढून घेतली. मग म्हणाल्या, "घरात सुख असेल, मी नाही म्हणत नाही. पण घरात ती किती वेळा व्यायली हे कुठे लिहिलेलं असतं? मी अमरावतीत रस्त्यावर सोडलेल्या माद्या उचलते. थानं लोंबलेली, दात गेलेले, पोट खाली आलेलं. आणून सोडणारा म्हणतो, आम्ही फार जीव लावला हो. जीव लावला असेलही. पण थांबला कोणी नाही."

"कोंबड्यांले कोणी विचारत नाही," अजहर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "बकऱ्यांले कोणी विचारत नाही. गरिबानं कुत्री पाळली का सरकार टेप घेऊन येते."

"तुम्ही दोघंही बरोबर बोलता," डॉक्टर टेप गुंडाळत म्हणाले, "म्हणून मले कागद भरावा लागते. पाणी कुठून येते इथं?"

तेवढ्यात अजहरच्या खिशातला फोन वाजला. वच्छलामावशी. "पाण्यावाल्याचा फोन आहे," असं म्हणून तो शेडमागे गेला.

"अजहर, चांदणीले पहाटपासून कळा येऊन राहिल्या," वच्छलाबाईंचा आवाज धापा टाकत होता. "पाणी गेलं. एक पाय दिसून राहिला, पन पिल्लू सरकत नाही. मी म्हनलं होईन, होईन. आता ते कन्हून राहिली बापा. तालुक्याच्या त्या इंगळे डॉक्टरले घेऊन ये जल्दी."

अजहरने भिंतीच्या कोपऱ्यावरून वाकून पाहिलं. इंगळे डॉक्टर दहा पावलांवर होते. पाण्याच्या टाकीत डोकावत होते. त्यांची काळी बॅग जीपच्या मागच्या सीटवर होती, तीही दिसत होती.

आत्ता बोलायचं म्हणजे काय बोलायचं? साहेब, माझी सहावी मादी अडली आहे, जी मी अर्जात लिहिली नाही, जिचं सहावं वेत आहे, एका वर्षातलं दुसरं. एवढं बोलला की सही गेली. आणि एकदा सही गेली की या पाचही गेल्या, मग आरतीबाईंची संस्था, मग चौकशी. तो मनात म्हणाला, अर्धा तास. अर्ध्या तासात सही होते, मग डॉक्टरला गाडीत घालून नेतो. कुत्रीच्या कळा काय, चार-चार तास चालतात.

"मावशी, ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "हाताले गोडेतेल लाव. कोपरापोतर. बकरीचं करतो ना आपण, तसं. कळ आली का तिच्यासंग पाय धरून खाली ओढायचं. कळ गेली का थांबायचं."

"कुत्रीले चालते का तसं?"

"चालते."

आजोबांबरोबर त्याने पन्नासेक तरी बकऱ्या सोडवल्या असतील. अडलेली कुत्री त्याने आजवर एकही सोडवली नव्हती, पाहिलीही नव्हती. "चालते" हे त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाच खरं वाटलं. फोन ठेवून तो तोंडावर पाणी मारून पुढे आला.

पुढचा अर्धा तास त्याला जन्मभर पुरला. डॉक्टर प्रत्येक मादीचे दात पाहत होते, पोट दाबत होते, लसींचे कागद ताडून पाहत होते. सावकाश, एकेक. घाईने काम करणारा सरकारी माणूस अजहरला आयुष्यात कधी भेटला नव्हता, आज त्याने त्यासाठी मनोमन दुवा मागितली. आरतीबाई वहीत लिहीत होत्या.

"मोठ्या माद्या पाचच?"

"पाचच."

"कोणाकडे ठेवलेली, आजारी, म्हातारी, अशी एखादी?"

"नाही मॅडम."

खिशात फोन थरथरला. त्याने काढून पाहिला, पुन्हा वच्छलामावशी. आरतीबाई अगदी समोर होत्या.

"घ्या ना फोन," त्या म्हणाल्या.

"घरचा आहे. मग करतो."

फोन हातात थरथरत राहिला. बंद झाला. पुन्हा थरथरायला लागला. अजहर त्याच्याकडे पाहत उभा राहिला आणि तो पुन्हा बंद झाला. तिसऱ्यांदा आलाच नाही. निभावलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. पिल्लू निघालं असेल, तेच सांगायला फोन केला असेल. नाहीतर पुन्हा केला असता. त्याने मोटरसायकल घेऊन आलेल्या चहावाल्याकडून दोन कप घेऊन साहेबांपुढे धरले.

अखेर डॉक्टर खुर्चीवर बसले. चष्मा पुसला. अहवाल पहिल्या ओळीपासून वाचला. आरतीबाईंनी आपली सही केली, खाली एक शेरा लिहिला: माद्यांना रोज चार तास मोकळं सोडावं. डॉक्टरांनी सही केली. मग शिक्का काढला, तर शाईचा पॅड वाळून खडखडीत. डॉक्टरांनी पॅडवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, बोटाने चोळलं, शिक्का आधी वर्तमानपत्रावर मारून पाहिला. पुसट उठला. पुन्हा पाणी शिंपडलं. अजहरच्या मनात आलं की आत्ता बोलावं, सही तर झाली आहे. पण बिनशिक्क्याची सही काय कामाची, म्हणून तो तेवढं थांबला. बारा वाजून दहा मिनिटांनी शिक्का उठला. अजहरने कागद घडी करून खिशात घातला आणि त्याच दमात म्हणाला, "साहेब, धामणखेडले एक कुत्री अडली आहे. माझ्या ओळखीच्या बाईची. चलता का?"

डॉक्टर चहाचा कप तोंडाला लावत होते. त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"आधी नाही बोलायचं? चल, बस जीपमध्ये."

कोणाची, कोणत्या जातीची, फी कोण देणार, काहीएक विचारलं नाही. बॅग पुढे घेतली आणि ड्रायव्हरला गाडी हाणायला सांगितली. आरतीबाई न विचारता मागे चढल्या. वाटेत डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "कितीक वेळ झाला?" आणि अजहर म्हणाला, "आत्ताच फोन आला." मागे बसलेल्या आरतीबाईंकडे त्याने वळून पाहिलं नाही.

मागच्या खोलीत गोणपाटावर चांदणी आडवी होती. वच्छलाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खोलीभर तेलाचा आणि रक्ताचा वास. अजहरचा आवाज ऐकून चांदणीने शेपटी हलवली. एकदाच हलवली, पण हलवली, आणि अजहरला वाटलं की हिने मला चावायला पाहिजे होतं.

डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. पोटावर हात ठेवला, मागे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ओढलं कोणी?"

"म्या," वच्छलाबाई म्हणाल्या.

"पिल्लू आडवं होतं. ओढून हिची पिशवी आतून फाटली." त्यांनी सलाइन लावलं, दोन इंजेक्शनं दिली, आरतीबाईंना बाटली वर धरायला सांगितली. त्यांचे जाड हात आता भराभर चालत होते. अजहर दारात उभा होता. त्याला आत जाण्याची हिंमत होईना, बाहेर जाण्याचीही होईना. दहा मिनिटांनी चांदणीने एक लांब श्वास घेतला, आणि पुढचा घेतला नाही. डॉक्टरांनी बराच वेळ छातीवर हात ठेवून पाहिलं. मग आरतीबाईंच्या हातातून बाटली काढून घेतली.

"तासभर आधी कळलं असतं तर अकोल्याला नेऊन पोट उघडता आलं असतं," ते म्हणाले. "कदाचित वाचली असती."

"माह्याच हातानं झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी तेलाने माखलेले दोन्ही हात स्वतःपासून दूर धरले होते. "मले ओढायले नाही पाहिजे होतं. ते वरडली तरी मी ओढलं. माह्या लेकीवानी होती ते, अन् म्या तिले मारली."

"बाई, तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"या पोराचा काई दोष नाही साहेब. हा त लगेच निंगाला. म्या मागून दोनदा फोन केला, तवा गाडीवर असन बिचारा, म्हनून नाही उचलला." त्यांनी अजहरकडे पाहिलं. "तू रडू नको बावा. तू काय करशीन?"

अजहरला तेव्हा कळलं की आपण रडतो आहोत. आरतीबाई त्याच्याकडे पाहत होत्या. फोन थरथरताना त्यांनी पाहिला होता. गोणपाटाचा कोपरा चांदणीवर ओढून त्या उठल्या आणि त्याच्या बाजूने अंगणात निघून गेल्या. त्या आता बोलणार नव्हत्या, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो गप्प राहिला असता तर सगळं निभावत होतं. वच्छलाबाईंनी आयुष्यभर स्वतःच्या हातांना दोष दिला असता, आणि वर त्याला जेवायला वाढलं असतं.

तो आत गेला आणि त्यांच्यासमोर खाली बसला.

"मावशी, ओढायचं मी सांगितलं होतं. मले काई माहीत नोतं, तरी सांगितलं." डॉक्टर बॅग आवरत होते, त्यांचे हात थांबले. "तुहा पहिला फोन आला तवा हे डॉक्टर माह्या समोरच होते. दहा पावलावर. बाकीचे फोन आले तवा फोन माह्या हातातच होता. सांगितलं असतं त हे तवाच आले असते. आत्ता आले तसेच. मी नाही सांगितलं. साहेब, ही माझीच आहे. सहावी. अर्जात नाही लिहिली. हे तिचं सहावं वेत."

बाहेर जीपच्या ड्रायव्हरने रेडिओ लावला होता, तो आरतीबाईंनी बंद करायला लावला. वच्छलाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्या ओरडतील, शिव्या देतील, दोन तोंडात मारतील, म्हणून अजहर वाट पाहत होता. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी पदर ओढून घेतला आणि एकेक बोट पुसायला लागल्या. दोन्ही हात पुसून झाले तेव्हा त्यांनी विचारलं,

"काहून नाही सांगितलं?"

"सही व्हायची होती."

वच्छलाबाईंनी मान हलवली, समजल्यासारखी.

"मंग झाली का सही?"

"झाली," अजहर म्हणाला.